वस्तू एका देशातली, ग्राहक दुसऱ्या देशातला: ग्राहक कायद्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगभर लागू होईल असा एखादा ग्राहक कायदा आहे का?

नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली आणि २०१५ मध्ये ती सुधारून ऑनलाइन व्यवहारांची भर घातली. पण ती कोणत्याही देशावर बंधनकारक नाहीत, त्यामुळे त्यांच्या जोरावर कोणावर दावा लावता येत नाही. १५ मार्चचा जागतिक ग्राहक दिन अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या १९६२ च्या संदेशावरून आला. सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपले म्हणणे ऐकले जाणे हे चार हक्क त्यांनी त्यात मांडले होते. गंमत अशी की त्याच अमेरिकेत आजही देशभरासाठी एकसंध ग्राहक कायदा नाही. फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार नियामक संस्थेच्या कायद्यातले फसव्या व अन्याय्य व्यवहारांना मनाई करणारे पाचवे कलम, त्याच्या जोडीला काही विशेष कायदे, आणि बाकी सगळे पन्नास राज्यांच्या हातात.

युरोपीय संघ निर्देश काढतो आणि २७ सदस्य देश ते आपापल्या कायद्यात उतरवतात, म्हणून मूळ सारखे असले तरी तपशील बदलतात. ब्राझीलने १९९० मध्ये सगळे एकाच संहितेत बसवले. भारताने १९८६ मध्ये आणि नंतर २०१९ च्या नव्या कायद्याने ग्राहकांसाठी स्वतंत्र आयोगांची उतरंड उभी केली.

'कोणत्या देशातला ग्राहक जास्त सुरक्षित' या चर्चेतून हाती फारसे लागत नाही. तुमच्या हातात अडचण असेल तेव्हा तीनच गोष्टी विचारा: मुदत किती, दाद कुठे मागायची आणि निकाल आपल्या बाजूने लागलाच तर पैसे प्रत्यक्षात कोणाकडून वसूल होणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर पहिल्या दोन्हींचा उपयोग कमी.

कायद्याच्या दृष्टीने 'ग्राहक' कोण?

इथेच बऱ्याच तक्रारी पहिल्याच तारखेला अडखळतात. भारतात दोन अटी आहेत: वस्तू किंवा सेवेसाठी मोबदला दिलेला असावा (किंवा द्यायचे ठरलेले असावे) आणि खरेदी पुनर्विक्रीसाठी वा व्यापारी हेतूने केलेली नसावी. मात्र केवळ पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरण्यासाठी यंत्र घेतले असेल तर तो व्यापारी हेतू धरला जात नाही. शिलाई यंत्र घेऊन स्वतः शिवणकाम करणारा ग्राहक असतो. तशीच वीस यंत्रे घेऊन कामगार बसवणाऱ्याला ते सिद्ध करणे अवघड.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ग्राहक म्हणजे फक्त व्यक्ती. कंपनीला तिथे ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. ऑस्ट्रेलियात उलट आहे: २०२१ पासून १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतची वस्तू किंवा सेवा घेणारा व्यवसायही ग्राहक ठरू शकतो, फक्त ती पुन्हा विकण्यासाठी घेतलेली नसावी. दक्षिण आफ्रिकेत २० लाख रँडपेक्षा कमी मालमत्ता आणि उलाढाल असलेल्या छोट्या कंपन्यांनाही कायद्याचे छत्र मिळते.

व्यवहारातली चूक: घरी वापरायचा लॅपटॉप, पण करात सवलत मिळावी म्हणून बिल फर्मच्या नावावर. वाद झाला की सामनेवाल्याचा (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा) पहिला आक्षेप तोच असतो. घरगुती वापराची वस्तू घरच्या नावावरच घ्यावी.

फुकट ॲपबद्दलही विचारले जाते. भारतीय कायद्यात मोबदल्याची अट असल्याने तिथे मार्ग अरुंद आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या डिजिटल सेवांच्या निर्देशाने मात्र पैशांऐवजी वैयक्तिक माहिती देऊन घेतलेल्या सेवेलाही संरक्षण दिले आहे.

वस्तू चांगली आहे, पण आवडली नाही. परत करता येते का?

सर्वांत जास्त गैरसमज याच प्रश्नाबद्दल आहेत. 'माल सदोष आहे म्हणून परत' आणि 'मन बदलले म्हणून परत' हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला या ना त्या रूपात बहुतेक देशांत सापडतो. दुसरा मोजक्याच देशांत, आणि तिथेही प्रामुख्याने दुकानाबाहेरच्या खरेदीपुरता.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन, फोनवरून किंवा दारावर घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता नाकारता येते. दिवस वस्तू हातात पडल्यापासून मोजतात. विक्रेत्याने हा हक्क आधी सांगितलाच नसेल तर मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते. रद्द करत असल्याचे कळवल्यावर १४ दिवसांत वस्तू पाठवायची. विक्रेत्यानेही १४ दिवसांत पैसे परत करायचे, पण वस्तू किंवा ती पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत तो थांबू शकतो. तुमच्याकडे येतानाचा साधा डिलिव्हरी खर्च परत मिळतो, जलद डिलिव्हरीसाठी दिलेला जादा खर्च मिळत नाही, आणि परत पाठवण्याचा खर्च सहसा ग्राहकाचा. दुकानात जितके हाताळून बघता आले असते त्यापेक्षा जास्त वापर केला तर तेवढी रक्कम कापली जाते. बूट घरात घालून बघणे चालते, आठवडाभर बाहेर वापरणे चालत नाही. मापाने करून घेतलेल्या वस्तू, नाशवंत माल, सील फोडलेली स्वच्छतेशी संबंधित उत्पादने, आणि ठरावीक तारखेचे हॉटेल वा प्रवासाचे तिकीट यांना हा हक्क नाही.

चीनमध्ये ऑनलाइन खरेदीसाठी ७ दिवस आहेत, ब्राझीलमध्येही दुकानाबाहेरच्या खरेदीला ७. जपानमध्ये दारावरच्या आणि फोनवरून गळी उतरवलेल्या विक्रीला ८ दिवस, साखळी विक्रीच्या योजनांना २०. ग्राहकाने स्वतःहून ऑनलाइन मागवले असेल तर तिथे हा हक्क लागू नाही. मात्र परतीच्या अटी विक्रेत्याने लिहिलेल्याच नसतील तर ८ दिवसांत स्वतःच्या खर्चाने माल परत करता येतो. अमेरिकेत देशपातळीवर मिळतात ते दारावरच्या आणि तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीसाठी ३ कामाचे दिवस. बाकी परतावा म्हणजे दुकानाचे धोरण.

भारतात असा सर्वसाधारण हक्क नाही. ऑनलाइन बाजारपेठांवर दिसणारे 'सात दिवसांत परत' हे विक्रेत्याचे धोरण असते. एकदा जाहीर केले की ते पाळणे त्याच्यावर बंधनकारक असते, इतकेच. पण माल सदोष, बनावट, जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा किंवा कबूल तारखेनंतर आलेला असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. म्हणून परतीचा अर्ज भरताना 'आवडले नाही' हा पर्याय आळसाने निवडू नका. रंग चित्रापेक्षा वेगळा असेल तर तेच कारण लिहा, कारण पुढे तो अर्जच पुरावा ठरतो.

दोष निघाला तर किती काळ दाद मागता येते?

कंपनीची वॉरंटी आणि कायद्याने विक्रेत्यावर टाकलेली जबाबदारी वेगवेगळ्या आहेत. वॉरंटी कंपनी स्वतःहून देते, तिच्या अटी कंपनी ठरवते. कायद्याची जबाबदारी वॉरंटी कार्ड असो वा नसो, लागू असते.

युरोपीय संघात ही जबाबदारी किमान २ वर्षांची आणि ती विक्रेत्याची. 'कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा' असे सांगून दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. स्पेन, पोर्तुगाल आणि स्वीडनमध्ये ती ३ वर्षांची आहे. नेदरलँड्समध्ये आकडाच नाही: ती वस्तू साधारण किती वर्षे टिकायला हवी, तितकी. युरोपीय संघाबाहेरच्या नॉर्वेत दीर्घकाळ टिकणे अपेक्षित असलेल्या वस्तूंसाठी ५ वर्षांपर्यंत तक्रार करता येते. युरोपीय संघाच्या दुरुस्ती-हक्काच्या नव्या निर्देशानुसार, कायदेशीर मुदतीत बदलीऐवजी दुरुस्ती स्वीकारणाऱ्या ग्राहकाची मुदत १२ महिन्यांनी वाढते. ३१ जुलै २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची तारीख.

ब्रिटनची रचना पायऱ्यांची आहे. पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू सरळ नाकारून पूर्ण पैसे घेता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्ती किंवा बदलीची एक संधी द्यावी लागते. तीही फसली तर वस्तू परत करा किंवा किंमत कमी करून घ्या. दावा लावायची बाहेरची मुदत इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ६ वर्षे, स्कॉटलंडमध्ये ५. इथे लोक हमखास गल्लत करतात: सहा वर्षे ही वस्तू टिकण्याची हमी नव्हे, ती कोर्टात जाण्याची मुदत आहे. पाचव्या वर्षी बंद पडलेली स्वस्तातली किटली कोणी बदलून देणार नाही.

हीच गल्लत भारतातही होते. २०१९ च्या कायद्यातली २ वर्षे तक्रारीचे कारण घडल्यापासून आयोगात जाण्यासाठी आहेत, ती काही सार्वत्रिक वॉरंटी नाही. उत्पादनात मुळातच दोष असेल तर वॉरंटी संपल्यावरही तक्रार टिकू शकते, पण तो दोष सिद्ध करावा लागतो.

ऑस्ट्रेलियाचा नियम अभ्यासण्यासारखा आहे. तिथे बिघाड 'मोठा' की 'किरकोळ' हे पाहतात. मोठा असेल, म्हणजे आधी माहीत असते तर कोणी ती वस्तू घेतलीच नसती इतका, तर परतावा की बदली हे ग्राहक ठरवतो. किरकोळ असेल तर दुरुस्तीचा पर्याय विक्रेत्याकडे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी सरसकट पाटी लावणेच तिथे बेकायदा आहे.

अमेरिकेत राज्यांच्या कायद्यानुसार 'वस्तू तिच्या साधारण उपयोगाला योग्य आहे' ही गृहीत हमी असते. पण 'जशी आहे तशी' अशा अटीवर विकून बऱ्याच राज्यांत ती काढून टाकता येते. जुनी गाडी घेताना हे तीन शब्द सर्वांत महागात पडतात. लेखी वॉरंटी दिलेली असेल तर मात्र १९७५ चा फेडरल कायदा कामी येतो. 'आमचेच सुटे भाग वापरले नाहीत तर वॉरंटी रद्द' अशी अट त्या कायद्याने घालता येत नाही, भाग फुकट दिले जात असतील तर गोष्ट वेगळी.

दोष मुळातच होता हे सिद्ध कोणी करायचे?

कागदावरचे हक्क सारखे असले तरी निकाल इथे फिरतो. युरोपीय संघात पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असे धरतात, आणि तसे नव्हते हे विक्रेत्याने दाखवायचे. काही देशांत हा काळ २ वर्षे आहे. ब्रिटन आणि सिंगापूरमध्ये तो ६ महिने. चीनमध्येही टिकाऊ वस्तूंना ६ महिने. ब्रिटनमधला एक बारकावा: पहिल्या ३० दिवसांत पूर्ण पैसे मागायचे असतील तर हे गृहीतक लागू होत नाही, दोष ग्राहकालाच दाखवावा लागतो.

भारतात भार प्रामुख्याने तक्रारदारावर. नुसत्या पाहणीने दोष कळणारा नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो, तिचा अहवाल ४५ दिवसांत अपेक्षित असतो आणि चाचणीचे शुल्क तक्रारदाराने भरायचे असते. म्हणून वाद सुरू झाल्यावर वस्तू बाहेरच्या कारागिराकडून उघडू नका. एकदा स्क्रू फिरले की 'छेडछाड झाली' हा बचाव तयारच असतो.

सर्व्हिस सेंटरचे जॉब शीट (दुरुस्तीला दिल्याची नोंदपावती) हा अशा प्रकरणातला सर्वांत वजनदार कागद. काउंटरवरचा माणूस 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात 'चालू होत नाही' एवढेच टाइप करतो आणि 'बाह्य स्थिती' मध्ये सवयीने 'ओरखडे, पाणी गेल्याची शक्यता' टाकतो. सही करण्यापूर्वी ते वाचा. पाणी गेलेले नसेल तर ती ओळ काढायला लावा. काढत नसतील तर सहीशेजारी हाताने 'अमान्य' लिहून तारीख टाका आणि फोटो घ्या. प्रत्येक फेरीचे वेगळे जॉब शीट मागा. तीन वेळा दुरुस्ती होऊनही तोच बिघाड, हे दाखवणारी तीन शीट्स हातात असली की बरेच सोपे होते.

परदेशी वेबसाइटवरून खरेदी केली. कायदा कोणत्या देशाचा लागणार?

ती वेबसाइट तुमच्या देशातल्या ग्राहकांना उद्देशून चालवली जाते का, यावर बरेच अवलंबून असते. युरोपीय संघात विक्रेता तुमच्या देशाकडे आपला व्यवसाय 'वळवत' असेल, तर करारात दुसऱ्या देशाचा कायदा लिहिला असला तरी तुमच्या देशाचे ग्राहक संरक्षण काढून घेता येत नाही आणि तुम्ही आपल्याच कोर्टात दावा लावू शकता. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये याच्या खुणा सांगितल्या: स्थानिक भाषा किंवा चलन, आंतरराष्ट्रीय कोडसह फोन क्रमांक, त्या देशातल्या ग्राहकांचा उल्लेख, परदेशी ग्राहक शोधण्यासाठी केलेला जाहिरात खर्च. वेबसाइट नुसती उघडते एवढे पुरेसे नाही.

ऑस्ट्रेलियातले व्हॉल्व्ह कंपनीचे प्रकरण यात नेहमी दाखवले जाते. स्टीम या ऑनलाइन दुकानावर व्हिडिओ गेम विकणाऱ्या या अमेरिकी कंपनीचे म्हणणे होते की आमचा करार वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याखाली आहे. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने ते मान्य केले नाही. तिथल्या ग्राहकांना विकता तर तिथल्या हमी लागू, असे म्हणून २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

भारतात, इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी ऑनलाइन कंपन्यांनाही ई-कॉमर्स नियम लागू आहेत. तक्रारदाराला स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. खरी अडचण त्यानंतर येते. सामनेवाल्याचे भारतात ना कार्यालय, ना बँक खाते, ना माल. मग आदेशाची वसुली कशातून करणार? परदेशात ती करायची तर त्या देशाच्या प्रक्रियेतून जावे लागते, आणि दोन-चार हजारांच्या वस्तूसाठी ते परवडत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी वेबसाइटच्या तळाशी कंपनीचे नोंदणीकृत नाव आणि पत्ता शोधा. नुसता ईमेलचा चौकोन असेल तर कायद्यावर भिस्त ठेवू नका, कार्डावर ठेवा.

युरोपात दोन सदस्य देशांमधल्या वादासाठी युरोपीय ग्राहक केंद्रांचे जाळे आहे, त्यात नॉर्वे आणि आइसलँडही आहेत. ५,००० युरोपर्यंत सोपी लघुदावा प्रक्रिया मिळते. वाद ऑनलाइन मिटवण्याचे युरोपीय संघाचे व्यासपीठ मात्र जुलै २०२५ मध्ये बंद झाले. जुन्या लेखांत त्याचा पत्ता अजून सापडतो, तिथे वेळ घालवू नका.

कार्डाने दिलेले पैसे परत कसे मिळवायचे?

सीमेपलीकडच्या खरेदीत हा मार्ग सहसा सगळ्या कायद्यांपेक्षा वेगवान असतो. चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत घेणे, हा मुळात व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या जाळ्यांच्या नियमांचा भाग आहे, आणि त्याची मुदत बहुतेक कारणांसाठी १२० दिवस असते. काही देशांनी वर कायद्याचीही जोड दिली आहे. ब्रिटनमध्ये १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी क्रेडिट कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. किमतीचा एखादा हिस्साच कार्डावर दिलेला असला तरी चालते. अमेरिकेत चुकीच्या आकारणीची लेखी तक्रार विवरणपत्र पाठवले गेल्यापासून ६० दिवसांत करावी लागते.

क्रम असा ठेवावा. आधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि ठरावीक मुदत द्या, सात ते दहा दिवस पुरेत. उत्तर आले नाही किंवा नकार आला की बँकेत वाद नोंदवा. ऑर्डरची पावती, वस्तूचे वर्णन असलेल्या पानाचा स्क्रीनशॉट, कुरियरचा माग आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडा. वस्तू परत पाठवली असेल तर त्याची पावती हवीच.

अर्ज फेटाळला जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चुकीचा रकाना. वस्तू आलीच नाही, पण ग्राहक अर्जात 'हा व्यवहार मी केलेला नाही' यावर खूण करतो. बँक बघते की ओटीपी टाकलेला आहे, आणि प्रकरण तिथेच बंद होते. वस्तू न येणे, वेगळी येणे आणि खात्यातून परस्पर पैसे जाणे ही तीन स्वतंत्र कारणे आहेत. यातल्या तिसऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक आहे: तिऱ्हाईताच्या गफलतीने परस्पर पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यावर ३ कामाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे दायित्व शून्य.

'वाद फक्त लवादाकडे' (कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे) अशी अट मान्य केली होती. आता मार्ग बंद झाला का?

देशावर अवलंबून. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशा अटी, सामूहिक दाव्याला मनाई करणाऱ्या अटींसकट, उचलून धरल्या. तरीही तिथल्या अनेक करारांत छोट्या रकमांच्या कोर्टात जाण्याची मुभा ठेवलेली असते, ती ओळ शोधा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने ग्राहक करारांत अशी सक्ती चालू दिलेली नाही. भारतात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले की लवादाची अट असली तरी ग्राहकाला आयोगात जाता येते.

विमान रद्द झाले किंवा सामान हरवले तर?

युरोपीय नियम २६१ नुसार अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात. विमान ऐनवेळी रद्द झाल्यावर तर मिळतातच, गंतव्यस्थानी ३ तास वा त्याहून उशिरा पोचल्यावरही मिळतात, असाधारण परिस्थितीचा अपवाद सोडून. कोणाला लागू, हे नीट बघा. युरोपीय संघातून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू; बाहेरून संघात येणाऱ्याला मात्र विमान कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे भारतीय कंपनीने दिल्लीहून फ्रँकफर्टला जाताना हा नियम नाही, त्याच कंपनीने परत येताना आहे.

भारतातून सुटणाऱ्या उड्डाणांत तिकीट असूनही जागा नाकारली आणि एका तासात दुसरी सोय झाली नाही, तर भरपाई आहे. पर्यायी उड्डाण २४ तासांच्या आत दिले तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यापुढे गेले तर चौपट, कमाल २०,०००.

आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या सामानाला माँट्रियल करार लागतो. मोडतोड झाली असेल तर सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशीर झाला असेल तर २१ दिवसांत लेखी तक्रार, आणि दावा २ वर्षांच्या आत. विमानतळावर भरलेला नोंद फॉर्म म्हणजेच तक्रार, असे समजून स्वस्थ बसू नका. कंपनीला वेगळे लेखी कळवा.

भारतात आयोगाकडे तक्रार कशी करायची, आणि ती कुठे अडते?

१९१५ या हेल्पलाइनवर फोन करून सुरुवात करता येते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांशी तिथूनच तडजोड होते. पण ती मध्यस्थी आहे, निकाल नव्हे, आणि तिथे गेलेल्या महिन्यांनी २ वर्षांची मुदत थांबत नाही. कंपनीशी चाललेल्या ईमेलनीही थांबत नाही.

जमले नाही तर लेखी नोटीस पाठवून १५ दिवसांची मुदत द्या आणि मग तक्रार दाखल करा, प्रत्यक्ष किंवा ई-जागृती पोर्टलवरून. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. ही रक्कम म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंमत. मागितलेली नुकसानभरपाई त्यात धरायची नाही, हा १९८६ च्या कायद्यापेक्षा मोठा फरक आहे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००.

तक्रारीत घटना तारखेनिशी, प्रत्येक विधानासमोर कागदाचा अनुक्रमांक, आणि शेवटी मागणी आकड्यांत. 'योग्य ती भरपाई द्यावी' असे मोघम लिहू नका: किंमत इतकी, व्याज इतके, त्रासापोटी इतके, खर्च इतका. सोबत शपथपत्र. वकील सक्तीचा नाही. माल बनवणारी कंपनी, विक्रेता आणि ऑनलाइन बाजारपेठ या तिघांनाही सामनेवाले करा. एकालाच केले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि वर्षभराने नवा पक्ष जोडायचा अर्ज करावा लागतो.

सामनेवाल्याला कैफियतीसाठी (लेखी उत्तरासाठी) ३० दिवस आणि फार तर १५ दिवसांची वाढ मिळते. त्यापुढे मुदत देता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवून टाकले आहे. ४६ व्या दिवशी कैफियत आली तर तुम्ही आक्षेप घ्या, कोणी आपणहून घेणार नाही. निकालासाठी कायद्यात ३ महिने, चाचणी लागत असेल तर ५ महिने लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात तेवढ्यात निकाल लागेल या भरवशावर राहू नका. जिल्हा आयोगाच्या आदेशावर अपील करायचे तर सामनेवाल्याला ४५ दिवसांत जावे लागते आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळलाच नाही तर वसुलीचा अर्ज करता येतो आणि महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते.

डॉक्टरांविरुद्ध? मोबदला घेऊन केलेले उपचार १९९५ पासून ग्राहक कायद्याखाली आहेत. वकिलांची सेवा त्याखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये म्हटले.

कंपनीला झालेला दंड ग्राहकाला मिळतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण फसव्या जाहिरातीबद्दल १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. ब्रिटनची स्पर्धा व बाजार प्राधिकरण ही संस्था एप्रिल २०२५ पासून कोर्टात न जाता जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड लावू शकते. दोन्हींत दंडाची रक्कम सरकारजमा.

अपवाद मनोरंजक आहेत. चीनमध्ये फसवणूक सिद्ध झाली तर किमतीच्या तिप्पट, किमान ५०० युआन. असुरक्षित खाद्यपदार्थ जाणूनबुजून विकला असेल तर दसपट, किमान १,००० युआन. त्यामुळे खोटा माल हुडकून दावे लावण्याचा तिथे व्यवसायच झाला. ब्राझीलमध्ये चुकीने वसूल केलेले पैसे दुप्पट परत करावे लागतात, प्रामाणिक चूक सिद्ध झाली तर तेवढेच. बांगलादेशात तक्रार खरी ठरली की दंडाच्या २५ टक्के तक्रारदाराला मिळतात. मात्र तक्रार ३० दिवसांतच करावी लागते.

परदेशात 'एमआरपीपेक्षा जास्त घेतले' अशी तक्रार चालते का?

बहुतेक देशांत नाही, कारण पाकिटावर कमाल किंमत छापण्याची भारतासारखी सक्तीच तिथे नाही. तिथे दाखवलेली किंमत आणि घेतलेली किंमत जुळते का, हे पाहतात. युरोपीय संघात फळीवरची किंमत करांसह आणि किलो-लिटरच्या दरासह लिहावी लागते. सवलत जाहीर करताना त्याआधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत आधार धरावी लागते, म्हणजे सेलच्या आदल्या दिवशी भाव वाढवून '५० टक्के सूट' लावता येत नाही. अमेरिकेत विक्रीकर बहुधा गल्ल्यावर वेगळा लागतो. त्यात फसवणूक काही नाही.

सबस्क्रिप्शन रद्दच करू देत नाहीत. काय करावे?

भारताने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ प्रकारच्या डार्क पॅटर्नना (ग्राहकाला चकवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांना) मनाई केली, रद्द करणे मुद्दाम किचकट ठेवणे त्यांपैकी एक. जर्मनीत जुलै २०२२ पासून वेबसाइटवर करार रद्द करण्याचे बटण ठळकपणे द्यावे लागते. अमेरिकेतला 'एका क्लिकवर रद्द' हा नियम अंमलात येण्याच्या तोंडावर जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने प्रक्रियेच्या कारणावरून रद्द केला. आधीचा २०१० चा कायदा मात्र शाबूत आहे. कोणत्याही देशात असा, रद्द करत असल्याचा ईमेल पाठवा, स्क्रीनचे फोटो ठेवा आणि बँकेच्या ॲपमधून स्वयंचलित वसुलीची परवानगीही काढून टाका. नुसते ॲप फोनवरून काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही.

विक्रेत्याचे दिवाळे निघाले तर?

मग ग्राहक इतर विनातारण धनकोंच्या (तारण नसताना ज्यांचे पैसे येणे आहेत त्यांच्या) रांगेत उभा राहतो, आणि रांगेच्या त्या टोकापर्यंत फार कमी पैसे पोचतात. युरोपीय संघात पॅकेज सहलींना अपवाद आहे: आयोजकाला दिवाळखोरीविरुद्ध आधीच तजवीज करून ठेवावी लागते. भारतात २०१८ च्या दुरुस्तीपासून घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको (बँकांसारखे कर्ज देणारे) मानले जाते, म्हणजे धनकोंच्या समितीत त्यांना मत असते. बाकीच्या ग्राहकांनी जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत निराकरण व्यावसायिकाकडे (दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्याकडे) आपला दावा नोंदवायचा. कंपनीवर कायदेशीर स्थगिती लागू झाली की तिच्याविरुद्धच्या ग्राहक तक्रारीही थांबतात. कार्डाने पैसे दिले असतील आणि मुदत उरली असेल तर त्याच दिवशी चार्जबॅक टाका.